एका मावशीच्या नऊ नळ्या

चढ अर्ध्यावर आला तेव्हा घडीमावशी पुन्हा थांबल्या आणि कोणाच्या तरी खिडकीतले पडदे बघायला लागल्या. पडद्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. उन्हाने रंग उडालेला, खालची शिवण उसवलेली. पण मावशींनी मान तिरकी करून ते असे न्याहाळले, की त्या घरात सोयरीक ठरवायची आहे असं वाटावं. मी गुपचूप शेजारी उभी राहिले. दम लागला की त्या पडदे बघतात, कुंड्या बघतात. मघाशी खालच्या वळणावर एका हवा गेलेल्या सायकलचं कौतुक करून झालं होतं. दम लागला असं मात्र त्या तोंडाने म्हणणार नाहीत.

माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत नळ्या. बोटाएवढ्या, आरपार दिसणाऱ्या, निळ्या झाकणाच्या. काही रिकाम्या, काही भरलेल्या. भरलेल्यांत आमच्या वसाहतीतल्या लोकांची थुंकी होती. दुपारची जेवणं उरकून आम्ही खालच्या रस्त्यापासून सुरुवात केली होती आणि आता वरच्या अंगाची घरं राहिली होती. अगदी शेवटचं घर मावशींच्या मुलीचं.

मावशींनी मला दोनदा सांगितलं होतं, की जरा लांबून चाल, लोकांना वाटेल पोलिसाने धरून आणलंय मला. तसं बघितलं तर मी पोलीसच होते. प्रत्येक माणूस आपल्याच तोंडाने आपल्याच नळीत थुंकतो की नाही हे मी डोळ्यांनी बघायचं, झाकण लागेपर्यंत नजर हलवायची नाही आणि भरलेली नळी माझ्याच पिशवीत ठेवायची, असं मला नेमून दिलेलं होतं. मावशींनी नळीला हातही लावायचा नव्हता. ही वेळ का आली ते सांगायचं, तर आधी घडीमावशी म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कोनाडा आहे. त्यात मावशींचं इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाच्या कडेला, जिथे जिना खाली येऊन डोक्याला लागतो, तिथे माझं शिलाईचं मशीन. त्या इस्त्री करतात, मी चेन बदलते, पायजमे आखूड करते, बटणं लावते. फाटलेलं माझ्याकडे येतं, चुरगळलेलं त्यांच्याकडे. काही माणसांचं दोन्ही असतं. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मला त्या 'भगतीण' म्हणतात, कारण मशीन सुरू करण्याआधी मी डोळे मिटून देवाचं नाव घेते. एकदा डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहिले, तर त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, की थांबा, वरून ऑर्डर यायची आहे.

घडीमावशी हे नाव त्यांना कोणी दिलं ते त्यांनाही आठवत नाही, पण ते खरं आहे. त्यांना न घातलेली घडी सहन होत नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्या तरी बोलता बोलता खुर्चीवरचा टॉवेल उचलून चार पदरी करून ठेवतात. त्यांच्या नवऱ्याच्या बाबतीतही, ते होते तेव्हा, वर्तमानपत्र त्यांच्या हातातून काढून घडी घातल्यावरच त्यांना वाचायला परत मिळायचं.

आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांपासून लपवलेली. इस्त्री करताना कपड्यावर पाणी मारायला टेबलावर प्लॅस्टिकची फवाऱ्याची बाटली होती. ती दाखवायची. कोणी समोर नसलं की मावशी पेल्यातलं पाणी तोंडात घेऊन, गाल फुगवून, ओठांतून असा फुर्र सोडायच्या, की शर्टाच्या पाठीवर धुकं उतरावं तसं पाणी उतरायचं. एकही थेंब मोठा नाही. हे त्या आईकडून शिकल्या होत्या आणि बाटलीला हे जमत नाही असं त्यांचं ठाम मत. मोठमोठ्या साहेबांचे कडक शर्ट मावशींच्या तोंडच्या पाण्याने सरळ होऊन हापिसात जायचे. कोणी फार ऐटीत बोललं, की तो गेल्यावर मावशी त्याच्या कॉलरवर जास्तीचा एक फुर्र द्यायच्या.

त्यांचं दुखणं पहिल्यांदा कळलं ते या फुर्रवरूनच. खोकला होताच, पण वाफेत उभं राहणाऱ्या बाईला खोकला असायचाच, असं सगळे म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. एक दिवस मावशींनी उशीच्या अभ्र्यावर पाणी मारलं आणि धुकं पडायच्या ऐवजी टपटप थेंब पडले. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा थेंब. त्या अभ्र्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भगतीण, माझा नळ बिघडला गं."

डॉक्टरांना छातीचा फोटो काढायला भाग पाडेपर्यंत बरेच महिने गेले. फुप्फुसात गाठ निघाली, आणि ती गाठ त्या वाईटातलीच. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मावशींकडे बघितलं, मग फोटोकडे बघितलं आणि विचारलं, सिगारेट किती? मावशी म्हणाल्या, एकही नाही. डॉक्टर म्हणाले, लपवू नका. मावशी म्हणाल्या, उभ्या जन्मात नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांची जीभ वळवळली. म्हणाल्या, दोन, एक तुम्ही विचारलंत त्याच्या आधी आणि एक आता बाहेर जाऊन ओढणार आहे. डॉक्टरांनी पहिला शब्द तेवढा ऐकला आणि रोज दोन असं लिहून टाकलं. ते खोडून घ्यायला आम्हा दोघींचे नंतर नाकी नऊ आले. म्हणजे बघा, सिगारेट ओढत नाही म्हणून आधी कोणी फोटो काढला नाही, आणि फोटो काढल्यावर ओढत नाही यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

फुप्फुसाचा एक कोपरा कापून काढला. औषधं सुरू झाली. मावशी थोड्या सावरल्या की जिन्याखाली परत आल्या, आता फवाऱ्याच्या बाटलीसह, आणि बाटलीला दिवसभर शिव्या घालायला लागल्या. तेव्हा आमच्या कोनाड्यात डॉक्टरीणबाई आल्या.

या बाई औषध देणाऱ्या नव्हेत, संशोधनातल्या. वयाने तरुण. आमच्यातल्याच एका घरातल्या, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला वाढलेल्या. त्यांचं मराठी म्हणजे कपाटात जपून ठेवलेला कपडा. नीटनेटका, कोरा, घडी न मोडलेला. थुंकीला त्या लाळ म्हणायच्या आणि तेही हळू आवाजात. मावशींना त्या पहिल्याच दिवशी आवडल्या, कारण उभ्या उभ्या बोलताना त्यांनी टेबलावरचा रुमाल न कळत चार पदरी केला.

त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तेवढं सांगते. माणसाचं शरीर ज्यावरून बेततात तो कटिंगचा कागद प्रत्येक पेशीत असतो म्हणे. मावशींच्या गाठीतला कागद त्यांनी तपासला, रक्तातलाही तपासला. दोन्हीकडे एका ठिकाणी एक अक्षर वेगळं निघालं. म्हणजे ते मागाहून बिघडलेलं नाही, जन्मापासूनचं आहे. मावशींनी विचारलं, की म्हणजे बटण उलट्या बाजूला लागलंय का? बाई म्हणाल्या, हो, तसंच समजा. पण प्रश्न असा, की त्या उलट्या बटणामुळे शर्ट फाटला, की तुमच्या वसाहतीत सगळ्यांचीच बटणं त्या बाजूला असतात आणि शर्ट फाटायचं कारण दुसरंच आहे?

आणि हे सांगता येत नव्हतं. जगभरच्या माणसांचे असे कागद एका मोठ्या साठ्यात जमवलेले आहेत, पण त्यात बहुतेक एकाच रंगाच्या माणसांचे. आमच्यासारख्यांचे चिमूटभर. आम्ही म्हणजे आजा-पणजाच्या काळी कामासाठी बाहेरून येऊन इथे राहिलेले. चेहऱ्यावरून कुठल्याही काउंटरवर ओळखू येणारे. इथल्या जुन्या माणसांचं तपासलं की साठ्याशी ताडून उत्तर निघतं, हे वाईट किंवा हे निरुपद्रवी. आमचं तपासलं की पुष्कळदा उत्तर येतं, सांगता येत नाही. हे बाईंनी फार शांतपणे सांगितलं, पण सांगताना तो रुमाल त्यांनी उलगडून पुन्हा घातला.

म्हणून वसाहतीतल्या धडधाकट माणसांची थुंकी हवी होती. पुष्कळांच्यात ते अक्षर निघालं तर ते गाठीचा नुसता शेजारी, दोषी नव्हे. कोणाच्यातच नाही निघालं तर संशय पक्का, आणि मग मुलीचं बघायला हवं. कारण आईचं मुलीत उतरायला अर्धी शक्यता. उतरलं असेल तर घाबरायचं नाही, बाई म्हणाल्या. वरचेवर छातीचं स्कॅन करायचं, काही उगवलंच तर लहान असतानाच काढता येतं. मुलीची नळीही सोबतच लागेल.

मावशींच्या हातात एका शाळकरी मुलाचा शर्ट होता. एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच लोंबत राहिली. 'लहान असतानाच काढता येतं' हे त्यांनी ऐकलंच नाही असं मला वाटतं. त्या 'मुलीत' या शब्दाशीच थांबल्या होत्या.

मुलीला त्या मासोळी म्हणतात. ती पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते. एका दमात तलावाच्या या काठावरून त्या काठाला पाण्याखालून जाते आणि वर येऊन हसते. तिला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली होती, दे नळी, आणि बसल्या जागी भरून आईच्या हातात ठेवली होती.

आता बाईंनी थुंकी गोळा करायचं काम मावशींवरच सोपवलं, कारण वसाहतीत त्यांना सगळी दारं उघडी. बहुतेक पुरुषांनी पटापट दिल्या. बायकांचं अडलं. नळीवर रेघ असते, तिथपर्यंत भरायचं, आणि आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. कोणाचं तोंड कोरडं पडायचं, कोणाला सासूसमोर थुंकायची लाज, कोणी म्हणे मी उद्या देते. एकेक करून त्या रिकाम्या नळ्या परत जिन्याखाली यायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या दिसायला लागल्या. मावशी म्हणाल्या, जमलं हो बायकांना. मी देवाचे आभार मानले. त्या दिवसांत मावशी मधूनमधून वाळत घातलेली चादर पडद्यासारखी ओढून तिच्यामागे बसायच्या, हे मला दिसत होतं, पण मला वाटलं, खोकला येतो तो लोकांना दिसू नये म्हणून असेल.

मीही माझी नळी दिली होती. दोन दिवसांनी मावशी म्हणाल्या, अगं, तुझी सांडली, दुसरी दे. मी दुसरी दिली. चांगल्या कामासाठी आहे म्हणून देवाचं नाव घेऊन थुंकले.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, की या वसाहतीत जुळी फार होतात का? मावशींनी विचार करून सांगितलं, बेकरीवालीच्या चुलतसासूला झाली होती. बाई म्हणाल्या, नऊ झाली का? मग त्यांनी सांगितलं, की बेकरीवाली, तिच्या वरच्या मजल्यावरची सासू आणि सून, कोपऱ्यावरची चष्मेवाली, अशा वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या वयाच्या आठ बायका आणि घडीमावशी मिळून नऊ जणी, त्यांच्या यंत्राच्या मते एकच बाई आहेत. शेवटच्या अक्षरापर्यंत एक. त्यांच्या वरच्या साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. दोन दिवस ते यंत्र उघडून बसले होते.

"आणि मावशी," बाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणजे या निघाल्या."

माझी सुई कापडातच राहिली. मासोळीपेक्षा मी वीसेक वर्षांनी मोठी. या वयात मला नवी आई मिळाली होती, आणि तीही मला न विचारता. मावशींना असं हसू फुटलं, की हसण्याचा खोकला झाला आणि खोकल्यातही त्या हसतच होत्या. बाईंनी ओठ दाबून धरले होते, पण शेवटी त्यांनाही राहवलं नाही.

हसणं ओसरल्यावर सगळं बाहेर आलं. बायकांना जमेना तेव्हा मावशींनी 'द्या इकडे' म्हणून त्या नळ्या स्वतःच भरल्या होत्या. जन्मभर तोंडात पाणी खेळवलेलं, थुंकीला काय तोटा. मासोळीच्या नळीवरची नावाची चिकटपट्टी इस्त्रीच्या वाफेवर धरून अलगद सोडवली, माझ्या दुसऱ्या नळीवर चिकटवली, वरून कोमट इस्त्री फिरवली, आणि मासोळीची थुंकी मोरीत ओतून दिली. बाईंनी ती चिकटपट्टी नंतर पुन्हा बघितली होती. म्हणाल्या, सगळ्या नळ्यांत सगळ्यात सरळ तीच चिकटवलेली होती.

मग त्यांनी विचारलं, का केलंत? मावशी आधी लाज, तोंड कोरडं, बायका अशाच, असं काहीबाही बोलल्या. मावशींनी एक कॉलर इस्त्रीखाली घेतली आणि ती सरळ झाली तरी तिच्यावरून इस्त्री फिरवत राहिल्या.

"सगळ्यांना आहे म्हटल्यावर ते काहीच नाही ना?" त्या म्हणाल्या. "आणि तिला नाही म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. मी दोन्हीकडून टाके घालून ठेवले होते."

"टाके कागदाला घातलेत, मावशी," बाई म्हणाल्या. "पोरीला नाही."

त्यावर मावशींनी इस्त्री उभी केली. कॉलर पिवळी पडायला आली होती.

वरचे साहेब आमची वसाहतच वगळायच्या बेतात होते. या लोकांचा भरवसा नाही, असं काहीतरी बोलले असावेत. बाईंनी ते शब्द सांगितले नाहीत, पण त्यांचा चेहरा सांगत होता. आमच्या माणसांची साठ्यात चिमूट आहे, ती चिमूटही मावशींच्या एकटीच्या थुंकीत वाहून जाणार होती. बाईंनी शब्द टाकून एक शेवटची फेरी मागून घेतली होती. अट एकच, की सोबत साक्षीदार हवा, आणि तो खोटं न बोलणारा हवा. असं इथे कोण आहे, त्यांनी विचारलं. मावशींनी माझ्याकडे हात केला आणि म्हणाल्या, ही आहे, लहानपणापासून आहे तिला ते, उपचार सापडला नाही.

तर अशी मी पोलीस झाले.

पडदे बघून झाल्यावर आम्ही पुढे निघालो. खालच्या रस्त्यावरची फेरी तशी मजेत झाली होती. बेकरीवाली गेले दोन महिने सगळ्यांना सांगत होती, की थुंकी दिली तेव्हा मुळीच दुखलं नाही. आता खरोखर द्यायची वेळ आल्यावर ती पिठाचे हात पुशीत म्हणाली, दुखतं का गं? मावशी म्हणाल्या, तुलाच विचारायला आले होते.

सासू-सुनेच्या घरी मात्र अडलं. सून नळी तोंडाशी धरून उभी, सासू समोर खुर्चीत, आणि नळीत काही उतरेना. मग मावशींनी लिंबाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पिवळंधमक, गारेगार लिंबू. सुरी आत शिरताना सालीतून उडालेला बारीक फवारा. अर्धी फोड, वर मीठ, आणि मीठ विरघळेपर्यंत थांबायचं. मग जिभेच्या कडेला लावायची, टोकाला नाही. सुनेची नळी भरली. सासूची भरली. दारातून डोकावणाऱ्या शेजारणीनेही हात पुढे करून एक नळी भरली, तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. साक्षीदार म्हणून मला तोंड मिटून उभं राहणं अवघड गेलं.

चढावर गवंडीकाकांचं घर. ते दारातूनच म्हणाले, देणार नाही. इतकी वर्षं यांनी आम्हाला विचारलं नाही. आम्ही खोकत रांगेत उभे राहिलो, तेव्हा आमच्याकडे बघितलं नाही. त्यांची बायको याच दुखण्याने गेली होती आणि तिलाही शेवटपर्यंत विचारत होते, की चोरून ओढत होतीस का. आता यांना थुंकी पाहिजे?

मी मनात त्या माउलीसाठी देवाला हात जोडले. मावशी दाराच्या चौकटीला टेकल्या. इथे पडदे नव्हते, कुंड्या नव्हत्या, तरी बराच वेळ टेकून राहिल्या.

"काका, इतकी वर्षं त्यांच्यावर थुंकावंसं वाटत होतं ना?" त्या म्हणाल्या. "आता तेच नळी देतायत. घ्या की."

काकांनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मिशी हलली. मग त्यांनी माझ्याकडून नळी घेतली आणि अशी मनापासून भरली, की रेघेच्या वर गेली. झाकण लावताना म्हणाले, कमी पडली तर सांगा.

मावशींना घेऊन मी तिथून निघाले. एवढा वेळ ज्या घरी जाऊ त्या घराची आधी टिंगल करत होत्या, आता फक्त चालत होत्या. चढ संपला. मासोळीची इमारत आली. लिफ्ट होती, पण दारावर बंद असल्याची पाटी, आणि ती पाटीच इतकी जुनी की तिच्यावर कोणी तरी फुलं काढली होती. जिना चढायला लागलो. एक मजला झाला, मावशी पायरीवर बसल्या. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा त्यांनी माझी चप्पल बघितली आणि अंगठा झिजलाय म्हणाल्या.

मग जरा वेळाने, सहज बोलल्यासारखं, त्यांनी मला एक काम सांगितलं. मासोळीला ठाऊक नव्हतं की तिची पहिली नळी मोरीत गेली. तू सांग, त्या म्हणाल्या, की सांडली. हातातून सटकली. इतकंच. तू सांगितलंस तर तिला खरंच वाटेल.

मी नाही म्हटलं.

"देव ऐकतो म्हणून?" त्या म्हणाल्या. "त्याला काय थुंकीतलं कळतंय."

मी म्हटलं, नळीत काय आहे ते त्याला कधीचं ठाऊक आहे, मावशी. वाट आपणच बघतोय. आणि तो ते बदलायचा नाही, तुम्ही चिकटपट्टी बदलली म्हणून.

त्या हसल्या नाहीत. फार दिवसांत त्यांनी माझ्या देवाची टिंगल केली नाही अशी ती एकच वेळ. मग म्हणाल्या, मोरीचं मीच सांगते तिला. ओरडेल. ओरडू दे. तिच्या फुप्फुसात तेवढी हवा आहे ते तरी ऐकू येईल.

वरच्या मजल्यावर आलो. मासोळीच्या दाराबाहेर कठड्यावर तिचा पोहण्याचा टॉवेल वाळत टाकला होता, एक टोक वर, एक खाली. आतून तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं, भांडी ठेवल्याचा आवाज येत होता. मी घंटेकडे हात नेला. मावशींनी तो धरला. मग सोडला आणि टॉवेल उचलला. अजून ओला होता, घडी घालण्याजोगा नव्हता, तरी त्यांनी काठाला काठ जुळवून तो दोन पदरी केला, चार पदरी केला, वरून तळवा फिरवला. माझ्या पिशवीत शेवटची रिकामी नळी होती, तिच्यावर मासोळीच्या नावाची नवी पट्टी. डॉक्टरीणबाईंनी ती या वेळी दोन्हीकडून पारदर्शक चिकटपट्टी लावून पाठवली होती. मावशींनी पिशवीत डोकावून ती बघितली. नखाने तिची एक कड उचलता येते का, तेही बघितलं. येत नव्हती.

"हुशार आहे पोरगी," त्या म्हणाल्या. बाईंबद्दल.

आत गुणगुणणं थांबलं. पावलं दाराकडे यायला लागली. मावशींनी तो ओला टॉवेल छातीशी धरला आणि माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भगतीण, तिची नळी भरली की माझ्या हातात देऊ नकोस. मी मागेन. नुसती बघायला म्हणून मागेन, काहीतरी हसवायचं बोलून मागेन, शेवटी रडूनही मागेन. तरी देऊ नकोस."